नेम बरोबर, तरी बाण बाजूला? आधी बाणाचा नंबर बघा

आपल्याकडं धनुष्यबाणाचा विषय निघाला की फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव आठवतात. टोकियो ऑलिंपिकला ते रिकर्व्ह धनुष्य घेऊनच उतरले होते. आता खेड्यातले पालकही पोरांना रिकर्व्ह घेऊन देतात. पण धनुष्य पारखून घ्यायचं आणि बाण मिळतील ते घ्यायचे, इथं गडबड होते.

आमच्याच घरातली गोष्ट. पुतण्याला लाकडी मुठीचं २८ पौंडी रिकर्व्ह घेतलं. बाण मात्र एका मोठ्या खेळाडूचे जुने, ४०० नंबरचे. फुकट मिळाले म्हणून आम्ही खूश! दोन महिने पोराचे बाण डावीकडंच जात होते आणि आम्ही त्याच्याच नेमाला नावं ठेवत होतो.

हा नंबर म्हणजे बाणाचा ताठपणा, खेळाडूंच्या भाषेत 'स्पाइन'. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाणाची काडी ठेवून मधोमध साधारण ८८० ग्रॅम वजन टांगतात. काडी अर्धा इंच वाकली तर नंबर ५००. म्हणजे नंबर जितका मोठा, तितका बाण लवचिक. इथं बरेच जण उलटं समजतात.

बाण वाकायला कशाला पाहिजे? दोरी सुटते ती धनुष्याच्या मध्याकडं, पण बाण टेकलेला असतो मुठीच्या बाजूला. सरळ ढकलला तर तो मुठीवर घासून बाहेर फेकला जाईल. म्हणून तो सापासारखा वळसा घालून मुठीला चुकवतो आणि पुढं गेल्यावर सरळ होतो. स्पर्धेच्या धातूच्या रिकर्व्हमध्ये मुठीची खाच मध्याच्याही आत कापलेली असते, शिवाय स्प्रिंगचं बटण धक्का सांभाळून घेतं. पारंपरिक लाकडी धनुष्यात ही सोय नसते, त्यामुळं तिथं नंबर चुकला की लगेच दिसतं.

धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात. ओढ एक इंच कमी झाली की साधारण दोन-अडीच पौंड जोर घटतो. पुतण्याची ओढ २६ इंच, म्हणजे हातात जेमतेम २३-२४ पौंड. त्या जोराला ४०० चा बाण वाकणार कसा?

तपासायचं असेल तर पंधराएक मीटरवरून तीन पिसांचे बाण आणि एक बिनपिसाचा मारा. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण इतरांच्या डावीकडं लागला तर तो ताठ, उजवीकडं लागला तर नरम. एकदा मारून ठरवू नका, दोरी सोडताना हात चुकला तरी असंच होतं. ताठ बाणाला टोक जड बसवा, नरम असेल तर हलकं. नरम बाण थोडा कापूनही चालतो, पण पूर्ण ओढल्यावर टोक टेकणीच्या पुढं एक इंच तरी राहिलंच पाहिजे. आखूड बाण टेकणीवरून आत घसरला तर हातात घुसतो. पोरं वाढत्या वयाची असतात, ओढही वाढते, तेव्हा हे माप दर काही महिन्यांनी बघा.

जोरदार धनुष्यात फार नरम कार्बनचा बाण मात्र अजिबात लावू नका. तो सुटतानाच मोडू शकतो आणि त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. प्रत्येक वेळी बाण मारण्याआधी हलकासा वाकवून कानाशी धरा. करकर ऐकू आली तर तो बाण तिथंच मोडून टाका.

पुतण्याला शेवटी ९०० नंबरचे सहा बाण घेतले. आता चुकतात ते दोन्हीकडं चुकतात, आणि ती चूक त्याची त्याला कळते.