एका काडतुसानें किती जनावरें?

पिंपरी-चिंचवडकडून पुण्यास येऊं लागलें म्हणजे वाटेंत खडकी लागते. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. बुडावर त्याची ‘के. एफ.’ ही खूण असलेलें ·३१५ चें काडतूस परवानेदारांच्या चांगल्या परिचयाचें आहे. (हा आंकडा व्यासाचा, इंचांत.) लष्करी ·३०३ खाजगी माणसास वर्ज्य असल्यानें हें प्रचारांत आलें. डुकरास किंवा सांबरास तें पुरे पडे. दाजीपूरच्या गव्यास नव्हे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशी शिकार बंद झाली. त्यापूर्वीं मात्र काडतुसाची निवड हा जिवाचा प्रश्न होता, आणि तोहि बहुधा हांकेकऱ्याच्या जिवाचा. शिकारी मचाणावर असे. जखमी जनावर ज्या झुडपांत शिरे, त्याच्या भोंवतीं हांकेकरी पायीं असत.

आतां असें पाहा. वाघ दोनशे किलोंच्या आसपासचा, कातडें पातळ. त्याला टोंकाशीं शिसें उघडें असलेली, आंत शिरतांच फुलणारी गोळी हवी. मोठा गवा वजनानें त्याच्या चौपट, हाडें जाड. फुलणारी हलकी गोळी त्याच्या खांद्याच्या मांसांतच थांबते. त्याला सबंध धातूचें कवच असलेली, न फुलतां सरळ आंत जाणारी जड गोळी हवी. नुसता वेग वाढवून हें साधत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांना उशिरां कळे.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीनें १९१२ मध्यें काढलेलें ·३७५ चें काडतूस या पेचांतून बरेंच सोडवी. त्यांत २३५, २७० व ३०० ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्या मिळत. सर्वांत जड गोळी सेकंदास सुमारें २५०० फूट वेगानें सुटे. दूरच्या सांबरास व जवळच्या गव्यास एकच रायफल चाले. शिवाय काडतूस तोंडाकडे निमुळतें असल्यानें उडाल्यावर नळींत अडकून बसत नसे. उन्हाच्या तावानें कॉर्डाइट दारूचा दाब वाढे, तेव्हां या निमुळतेपणाचें मोल कळे.

·४७० सारखीं दुनळी रायफलींचीं काडतुसें जवळून अधिक निर्धास्त खरीं. पण दणका मोठा, आणि दणक्याच्या धास्तीनें डोळे मिटणाऱ्याची गोळी कोठें जाईल याचा नेम नाहीं. जिम कॉर्बेट यांनी हलकी ·२७५ आणि जड दुनळी, अशा दोन्ही वापरल्या. दोन रायफलींची ऐपत मात्र कितीजणांची?

चाकणच्या खेड तालुक्यांत उसांमध्यें बिबळ्या आजहि येतो. त्याच्यासाठीं वनखातें पिंजरा लावतें, प्रसंगीं गुंगीच्या औषधाची सुई मारणारी बंदूक आणतें. तेथेंहि आधीं जनावराच्या वजनाचा अंदाज घ्यावा लागतो. औषधाची मात्रा त्यावरच ठरते.