शैक्षणिक संस्थांतील प्रथमोपचार व्यवस्था

शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात, तसेच सहल, क्रीडास्पर्धा, शिबिर यांसारख्या संस्थेच्या देखरेखीखालील कार्यक्रमांत एखाद्या विद्यार्थ्यास अपघात झाला अथवा तो एकाएकी आजारी पडला, तर वैद्यकीय मदत मिळेपर्यंत त्याची काळजी घेण्याची जी पूर्वनियोजित योजना असते, तिला प्रथमोपचार व्यवस्था असे म्हणतात. जखम बांधणे किंवा भाजलेल्या भागावर पाणी ओतणे हा प्रथमोपचार होय. तो कोणी, कोणत्या साधनांनी व कोठपर्यंत करावयाचा आणि त्यानंतर विद्यार्थ्याला कोणाच्या हाती सोपवावयाचे, हे आधी ठरवून ठेवणे ही व्यवस्था होय. शाळांतून प्रथमोपचाराची माहिती असणारी एकदोन माणसे बहुधा सापडतात. उणीव असते ती दुसऱ्या गोष्टीची. पेटी कुलपात असते, किल्ली रजेवर असलेल्या शिक्षकाकडे असते आणि रुग्णवाहिका बोलावण्याचा निर्णय मुख्याध्यापक परत येईपर्यंत कोणीच घेत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्रथमोपचाराचे शिक्षण सामान्य नागरिकांना पद्धतशीरपणे देण्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला. इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन ही संस्था १८७७ मध्ये स्थापन झाली व पुढच्याच वर्षी वुलिच येथे लष्करी शल्यचिकित्सक पीटर शेफर्ड यांनी नागरिकांसाठी वर्ग चालविले. जर्मनीत फ्रीड्रिख फोन एस्मार्ख यांनी १८८२ मध्ये कील येथे अशाच प्रकारचे शिक्षण सुरू केले. भारतात रेड क्रॉस सोसायटीची स्थापना १९२० च्या अधिनियमान्वये झाली. बालवीर चळवळ, राष्ट्रीय छात्रसेना व रेड क्रॉसची कनिष्ठ शाखा यांच्यामार्फत प्रथमोपचाराचे धडे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले.

शालेय आरोग्यसेवेचा इतिहास याहून वेगळ्या मार्गाने गेला. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदे शहरात झाली. भोर समितीने १९४६ मध्ये अशी सेवा देशात जवळजवळ नसल्याचे नमूद केले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यानुसार फिरती वैद्यकीय पथके शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. या सर्व प्रयत्नांचा भर दोष व रोग लवकर ओळखण्यावर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु वैद्यकीय पथक शाळेत येते त्या एका दिवसाखेरीज उरलेल्या सर्व दिवशी आकस्मिक प्रसंगाला तोंड द्यावे लागते ते शिक्षकालाच. कारखान्यांच्या बाबतीत १९४८ च्या अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने अधिक काटेकोर विचार केला होता. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी, प्रत्येक पेटीसाठी स्वतंत्र जबाबदार व प्रशिक्षित व्यक्ती आणि ती व्यक्ती कामाच्या सर्व वेळात हजर, असा तो दंडक होता. शेकडो मुले ज्या इमारतीत दिवसाचे पाचसहा तास असतात, तेथे याहून कमी काळजी पुरेशी मानण्यास आधार नाही.

जबाबदारीची विभागणी : अंतिम जबाबदारी संस्थाप्रमुखाची, म्हणजे मुख्याध्यापकाची किंवा प्राचार्याची असते. काम दुसऱ्यावर सोपविता येते. काम होत आहे की नाही हे पाहण्याचे दायित्व मात्र सोपविता येत नाही. प्रत्यक्षात हे काम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे न बोलता जाते. मैदानावरील अपघात त्यांच्यासमोर होतात हे खरे. परंतु आंतरशालेय सामन्यांच्या दिवशी तेच संघ घेऊन बाहेरगावी असतात. म्हणून नियुक्ती लेखी असावी आणि तीत मुख्य प्रथमोपचारकाबरोबर त्याच्या पर्यायी व्यक्तीचेही नाव असावे. सकाळ व दुपार अशा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत दोन्ही सत्रांसाठी वेगळी नावे लागतात. मुलींच्या दृष्टीने यांपैकी एक तरी शिक्षिका असणे आवश्यक आहे. पाळीच्या वेळच्या वेदना किंवा भोवळ यांसाठी मुली शिक्षकांकडे जात नाहीत व त्रास अंगावर काढतात.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा विचार या योजनेत बहुधा होत नाही. वास्तविक शाळा उघडण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर आवारात असतो तो शिपाई, पोषण आहार शिजविताना असतात त्या स्वयंपाकी व मदतनीस, प्रयोगशाळेत असतो तो सहायक आणि आश्रमशाळेत वा वसतिगृहात रात्री असतात ते अधीक्षक. या सर्वांना निदान मदत कशी बोलवावी, रक्तस्राव कसा थांबवावा आणि छातीवर दाब कसा द्यावा, एवढे शिकविलेले असले पाहिजे.

अपघात घडताच तीन कामे एकाच वेळी सुरू व्हावी लागतात. एकाने मुलाजवळ थांबून उपचार करावयाचा व त्याला एकटे सोडावयाचे नाही. दुसऱ्याने दूरध्वनी करावयाचा आणि फाटकापाशी उभे राहून येणाऱ्यांना वाट दाखवावयाची. तिसऱ्याने इतर मुलांना तेथून दूर न्यावयाचे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध असून ११२ हा सर्व आपत्कालीन सेवांचा समाईक क्रमांक आहे. दूरध्वनी करण्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावयाची नाही, हे संस्थाप्रमुखाने लेखी कळविलेले असावे. या एका वाक्याने वाचणारा वेळ इतर कोणत्याही साधनाने वाचत नाही. दुर्गम भागात रुग्णवाहिका पोहोचण्यास विलंब होतो. तेथे गावातील एकदोन वाहनधारकांशी आधीच बोलणे करून ठेवावे व जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि तेथे जाण्याचा पावसाळ्यातील रस्ता माहीत असावा. मुलाबरोबर वाहनचालकाखेरीज आणखी एक प्रौढ व्यक्ती हवी. आजारी मुलाला वर्गमित्राच्या सोबतीने घरी पाठविण्याची जुनी प्रथा धोक्याची आहे, कारण त्यात एका लहान मुलाची जबाबदारी दुसऱ्या लहान मुलावर पडते.

साधने : पेटीत निर्जंतुक जाळीदार कापडाच्या घड्या, गुंडाळपट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, साबण, जलसंजीवनीच्या पुड्या, तापमापक व विजेरी एवढे असले तरी निभावते. कुलूप नसावे, असल्यास किल्ली पेटीशेजारीच असावी. महिन्यातून एकदा मुदत संपलेल्या वस्तू बदलाव्यात. मैदान, प्रयोगशाळा, कर्मशाळा आणि सहल यांसाठी वेगळ्या पेट्या लागतात. पोटात घेण्याच्या गोळ्या पेटीत ठेवू नयेत. डोके दुखते म्हणून मुलाला गोळी देणे हा प्रथमोपचार नसून औषधयोजना आहे. ॲस्पिरिनसारखे घरोघरी परिचित औषधही मुलांमध्ये क्वचित मेंदू व यकृत यांचा गंभीर विकार उत्पन्न करू शकते. ज्या मुलाला डॉक्टरांनी नियमित औषध दिले आहे, ते त्याच्या नावाने, पालकांच्या लेखी संमतीने ठेवावे. दम्याचा फवारा मात्र मुलाच्या स्वतःच्या दप्तरात असणेच इष्ट. दम लागल्यावर कार्यालयापर्यंत चालत जाणे त्याला शक्य नसते.

प्रवेशाच्या वेळी दमा, अपस्मार, मधुमेह, हृदयविकार, रक्त न गोठण्याचा विकार, अधिहर्षता (ॲलर्जी) यांची माहिती पालकांकडून घ्यावी. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आश्रमशाळांत दात्र-कोशिका रोगाचीही (सिकलसेल) नोंद असावी. ही माहिती गोपनीय असते. परंतु ती इतकी गोपनीय ठेवू नये की वर्गशिक्षकालाच ठाऊक नसावी. अपस्माराचा झटका प्रथमच पाहणारा शिक्षक आणि आधी सूचना मिळालेला शिक्षक यांच्या वागण्यात फार अंतर पडते.

उपचार आणि रूढ समजुती : शाळेत नित्य आढळणाऱ्या दुखापती साध्या असतात, पण त्यांवरील रूढ उपाय पुष्कळदा अपायकारक असतात. घोळणा फुटल्यास डोके मागे झुकविण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तीमुळे रक्त घशात उतरते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे चिमटीत धरावा. वाहत्या जखमेवर हळद किंवा चहाची पूड दाबण्याऐवजी स्वच्छ कापडाने सतत दाब द्यावा. भाजल्यावर शाई, दंतमंजन किंवा तूप न लावता सुमारे वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे. फेफरे आलेल्या मुलाला कांदा वा जोडा हुंगविणे आणि दातांत चमचा घालणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, झटका ओसरताच कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, चुना वा तिखट भरू नये आणि त्याच दिवशी लसीसाठी पाठवावे. पडल्यामुळे पक्का दात मुळासकट निखळला, तर तो मुळाशी न धरता उचलून दुधात ठेवावा. तासाभरात दंतवैद्य गाठल्यास तो पुन्हा बसू शकतो. ही गोष्ट फार थोड्या शिक्षकांना माहीत असते.

डोक्याला मार लागलेल्या मुलाबाबत विशेष दक्षता लागते. क्षणभर बेशुद्धी, उलटी, वाढती सुस्ती, कानातून वा नाकातून पातळ स्राव यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णालयात न्यावे. काहीही आढळले नाही तरी पालकांना त्याच दिवशी कळवावे, कारण लक्षणे रात्री घरी दिसू शकतात.

ग्रामीण शाळांत सर्पदंश व विंचूदंश यांचा धोका असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे. आवळून बांधणे, चिरणे, चोखणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत केवळ हानी आहे. दंश झालेला अवयव हलू न देता मुलाला उचलून न्यावे, चालवू नये. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसीन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटले. पण त्यासाठीही मूल वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचावे लागते. श्वास व हृदयक्रिया थांबल्यास मात्र रुग्णालयाची वाट पाहता येत नाही. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देणे आणि ३० दाबांनंतर दोनदा श्वास देणे, हे जागच्या जागी सुरू करावे लागते.

महाविद्यालयांत प्रयोगशाळा हे अपघाताचे प्रमुख स्थान होय. डोळ्यात अम्ल उडाल्यास त्यावर अल्क घालून ते निष्प्रभ करण्याचा मोह रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला होतो. त्यातून निर्माण होणारी उष्णता डोळ्याला आणखी इजा करते. पंधरा ते वीस मिनिटे पाण्याने डोळा धुणे हाच उपचार आहे, म्हणून प्रयोगशाळेतील नळाला पाणी आहे की नाही, हे प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी पाहणे हे प्रथमोपचाराचेच काम समजावे.

सामूहिक आपत्ती : १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारमधील गंडामन येथे कीटकनाशकाने दूषित झालेले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचा भाग ठरविला, तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विषबाधेच्या प्रसंगी पहिल्या एकदोन मुलांच्या तक्रारीवरच वाढणे थांबवावे, अन्नाचा नमुना राखून ठेवावा व लक्षणे नसलेल्या मुलांचीही हजेरीपटावरून नावे घेऊन तपासणी करवावी.

कायदेशीर बाजू : मुलाला हात लावला आणि काही विपरीत घडले तर दोष आपल्यावर येईल, ही भीती शिक्षकांत खोलवर आहे आणि तिच्यामुळे मोलाची मिनिटे वाया जातात. कायदा मात्र मदत करणाऱ्याच्या विरुद्ध नाही. ज्या व्यक्तीला संमती देणे शक्य नाही व जिच्या पालकाची संमती वेळेत मिळू शकत नाही, तिच्या हितासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृत्यास भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) ३० व्या कलमाने, विवक्षित मर्यादांत, संरक्षण दिले आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हीच तरतूद ९२ व्या कलमात होती. तातडीच्या रुग्णास उपचार नाकारता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये दिला. तेव्हा पालक येईपर्यंत थांबा, असे रुग्णालयाने सांगितल्यास शिक्षकाने तेथून परत फिरण्याचे कारण नाही.

नोंद व प्रशिक्षण : प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, ठिकाण, दुखापतीचे स्वरूप, केलेला उपचार, उपचार करणाऱ्याचे नाव आणि पालकांना कळविल्याची वेळ नोंदवहीत त्याच दिवशी लिहावी. वर्षअखेर ती चाळली असता एकाच पायरीवरून सात मुले घसरल्याचे दिसते आणि मग पायरीच दुरुस्त करता येते. छातीवर दाब देण्याचे कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच मंदावते. म्हणून एकदा प्रमाणपत्र मिळविलेल्या शिक्षकानेही प्रत्येक सत्राच्या आरंभी पुतळ्यावर सराव करावा, व त्या वेळी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना बरोबर घ्यावे. सहलीत किंवा वसतिगृहात अपघातस्थळी सर्वांआधी तेच पोहोचतात.