पाणी नितळ, झिंगा उपाशी!

घरातील मत्स्यटाकीचे पाणी नितळ असावे, असे आपल्या सर्वांनाच वाटते. पण या टाकीतला एक पाहुणा असा आहे, की त्याच्या दृष्टीने नितळ पाणी म्हणजे रिकामे ताट! हा पाहुणा म्हणजे बांबू झिंगा. आग्नेय आशियातील खळाळते ओढे हे त्याचे मूळ घर.

झिंगा म्हटला की नांग्या आठवतात. याच्या पुढच्या चार पायांच्या टोकांना मात्र बारीक केसांच्या चवऱ्या असतात. दगडाला घट्ट धरून, प्रवाहाकडे तोंड करून तो चवऱ्या पसरतो. वाहत आलेले शैवाल आणि कुजक्या पाल्याचे कण त्यांत अडकतात. मग चवरी मिटते, तोंडाशी जाते आणि पुन्हा उघडते. मासा अन्नामागे धावतो. हा मात्र अन्न आणण्याचे काम प्रवाहावर सोपवतो.

आता अडचण पाहा. टाकीतला फिल्टर नेमके हेच कण गाळून घेतो. एकाच ताटावर दोघे जेवायला बसलेले, आणि त्यांतला एक विजेवर चालणारा! मग झिंगा चवऱ्या मिटून तळाची वाळू चाचपत फिरू लागतो. तो खेळत नसतो. वारंवार असे दिसले तर ते भुकेचे लक्षण समजावे. हे फार दिवस चालले तर तो दगावतो.

मग अन्न द्यावे कसे? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, एकाच पदार्थाच्या बारीक कणांचा संथ पाण्यात बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास निम्मा केला तर वेग चौथाई होतो. एखाद्या कणाला तळ गाठायला १५ मिनिटे लागत असतील, तर निम्म्या व्यासाच्या कणाला १ तास लागेल. तेवढा वेळ तो चवऱ्यांच्या आवाक्यात राहील. म्हणून अन्न पिठासारखे बारीक हवे.

चिमूटभर भुकटी वाटीभर टाकीच्याच पाण्यात कालवा. फिल्टर अर्धा तास बंद ठेवा, पण हवेचा पंप चालू राहू द्या. बुडबुड्यांमुळे पाणी फिरत राहते. मग ते पाणी ड्रॉपरने झिंग्याच्या पुढच्या बाजूला, प्रवाहात थोडे थोडे सोडा. अर्ध्या तासाने फिल्टर आठवणीने सुरू करा. भुकटी जास्त झाली, तर उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो आणि तो झिंग्याला विषासारखा बाधतो.

भुकटी कशाची? स्पिरुलिना या सूक्ष्म शैवालाची चालते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या हिरव्या पाण्यात हेच शैवाल आढळते. मात्र तेथले पाणी टाकीत मुळीच घालू नका. ते खारे असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. गोड्या पाण्यातला झिंगा त्यात जगणार नाही. भुकटी मत्स्यटाक्यांच्या दुकानातूनच आणा.

अन्न सोडल्यावर घड्याळ घेऊन बसा. एका मिनिटात चवरी किती वेळा तोंडाशी जाते, ते मोजा आणि वहीत नोंदवा. अन्न देण्यापूर्वीही असेच मोजा. या दोन आकड्यांवरून तुमच्या झिंग्याला अन्न पोचते की नाही, हे तुम्हालाच कळेल.