फोटो छापताना रंग का बदलतात?

लग्नसमारंभातील एखादा सुरेख फोटो निवडावा, महागडा ग्लॉसी कागद आणावा, प्रिंटरला आज्ञा द्यावी आणि बाहेर यावी ती लालसर चेहऱ्यांची काळवंडलेली छबी! पडद्यावर झळाळणारी मोरपंखी पैठणी कागदावर मळकट निळी दिसते. मग दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो आणि काही जण नवी कार्ट्रिजही विकत आणतात. वास्तविक अनेकदा यंत्र निर्दोष असते. कागद कोणता आहे आणि रंगांचा हिशेब कोणी करायचा, या दोन गोष्टी त्याला चुकीच्या सांगितलेल्या असतात.

यंत्राला अर्थात मर्यादा आहेतच. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग घडवतो. प्रिंटर मात्र सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई कागदावर उमटवतो. पडद्यावरचे काही झगझगीत निळे-हिरवे रंग शाईला साधतच नाहीत. तेवढा फरक मान्य केलाच पाहिजे. उरलेला बराचसा टाळता येतो.

छपाईच्या चौकटीतील 'पेपर टाइप' किंवा 'मीडिया टाइप' हा रकाना अनेक जण न वाचताच पुढे जातात. शाई किती सोडायची, हे मुख्यतः याच निवडीवरून ठरते. कागद ग्लॉसी आणि निवड 'प्लेन पेपर' अशी असली, तर रंग फिके व दाणेदार उतरतात. उलट साध्या कागदासाठी ग्लॉसीची निवड केली, तर शाई फुटते आणि कागद ओला होऊन सुरकुततो. काळ्या शाईचा प्रश्न याहून नाजूक. काही प्रिंटरमध्ये मॅट कागदासाठी वेगळी आणि चकचकीत कागदासाठी वेगळी काळी शाई असते. मॅटची शाई चकचकीत कागदावर नीट धरत नाही. बोट लागताच पुसली जाते. कागदाची बाजू उलटी घातली, तर कोणतीच निवड कामाला येत नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

दुसरी बाब कलर प्रोफाइलची. विशिष्ट प्रिंटर, विशिष्ट शाई आणि विशिष्ट कागद एकत्र आल्यावर प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो, याची नोंद म्हणजे प्रोफाइल. शेकडो रंगांचे चौकोन छापून ते उपकरणाने मोजले जातात आणि त्यावरून ही नोंद तयार होते. तिचा सर्वमान्य साचा १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने घालून दिला. हानेम्युले, कॅन्सन यांसारखे कागद उत्पादक आपल्या कागदांची प्रोफाइल संकेतस्थळावर विनामूल्य देतात. सोबत कोणता 'मीडिया टाइप' निवडायचा, हेही सांगतात. ती सूचना डावलली, तर प्रोफाइल निरुपयोगी ठरते. कारण मोजणी त्याच निवडीवर झालेली असते.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो दुहेरी दुरुस्तीने. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल निवडले आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील रंगदुरुस्तीही चालू राहिली, तर एकाच फोटोवर दोनदा संस्कार होतात. चेहऱ्यांवरची ती लालसर झाक बहुधा यातूनच येते. रंगांचा कारभार सॉफ्टवेअरकडे सोपवला असेल, तर ड्रायव्हरमध्ये 'नो कलर ॲडजस्टमेंट' निवडावे. ज्यांच्याकडे प्रोफाइल नाही, त्यांनी हे काम निःशंकपणे प्रिंटरवरच सोडावे. मूळ कंपनीचा कागद आणि योग्य 'पेपर टाइप' असेल, तर घरगुती अल्बमपुरते निकाल चांगलेच येतात.

फोटो बाहेरच्या लॅबमध्ये द्यायचा असेल, तर लॅबने वेगळे सांगितले नसल्यास तो १९९६ साली एचपी व मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या 'एसआरजीबी' मध्येच जतन करावा.

छबी काळपट येत असल्यास आधी पडद्याची तेजस्विता उतरवून पाहावी. घरोघरी ती गरजेपेक्षा जास्तच ठेवलेली असते. महागडा मोठा कागद वापरण्यापूर्वी त्याच कागदाच्या लहान तुकड्यावर चाचणी घ्यावी. रंगांचा निवाडा मात्र ट्यूबलाइटखाली न करता, शाई वाळल्यावर खिडकीजवळच्या उजेडात करावा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत त्यासाठी एक रात्र थांबणे बरे.