हरणं वाढली तेव्हा पेनसिल्व्हेनियानं काय केलं?

हरभऱ्याला घाटे धरले की अकोला जिल्ह्यातल्या आमच्या माहेरच्या घरात रात्रीचं जेवण लवकर उरकतं. इशाची नमाज झाली की भाईजान बॅटरी, काठी आणि घोंगडी घेऊन जागलीला निघतात. रोही, रानडुकरं आणि काळविटांचे कळप. एकदा कळप शेतात शिरला की सकाळी उरतात ते खुरांचे ठसे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या खालाजाद बहिणीचा फोन आला. ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते. भाईजानच्या जागलीचं ऐकून म्हणाली, "आपा, इथंही तेच आहे. अंगणातलं एक रोप हरणं ठेवत नाहीत. पण इथं सरकार शिकारीचा परवाना देतं. सोमवारी मुलांच्या शाळेला त्याचीच सुट्टी आहे."

शिकारीसाठी शाळेला सुट्टी! शिक्षिकेचे कान टवकारायला एवढं पुरे. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते वाचक बहीण-भावांसमोर ठेवते.

तिथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. सव्वाशे वर्षांपूर्वी ते जवळजवळ संपलं होतं. जंगलं तोडली गेली होती, आणि हरणाचं मांस व कातडी बाजारात उघड विकली जात होती. १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत ही हरणं अंदाजे पाच लाखांच्या आतच उरली होती. पेनसिल्व्हेनियात तर दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडावी लागली. १८९५ मध्ये तिथं वन्यजीवांसाठी 'गेम कमिशन' नावाचं सरकारी मंडळ स्थापन झालं. १९०७ मध्ये मादीला मारण्यावर बंदी आली. शिकारी मांसाची विक्रीही कायद्यानं थांबली.

उपाय लागू पडला, पण जरा जास्तच. लांडगे आणि डोंगरी सिंह माणसानं आधीच संपवले होते. तोडलेल्या जंगलाच्या जागी कोवळी झाडी आली, म्हणजे हरणांना आयतं ताट. काही वर्षांतच हरणं इतकी झाली की जंगलात झाडाचं नवं रोप वर येईना. मोठी झाडं उभी, पण खाली सगळं साफ. रोपं नाहीत तर पुढचं जंगल कुठून येणार? झुडपात घरटं करणारे पक्षी गेले आणि कडक हिवाळ्यात हरणंही उपाशी मरू लागली.

अ‍ॅरिझोना राज्यातल्या कैबाब पठाराची गोष्टही अशीच. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथं हरणांसाठी राखीव क्षेत्र केलं, शिकार बंद केली आणि शिकारी प्राणी मारून टाकले. १९२४ नंतरच्या दोन हिवाळ्यांत तिथं हजारो हरणं भुकेनं मेली. नेमका आकडा किती, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पण प्राणी वाचवला म्हणजे काम संपलं असं नाही, हे त्या पठारानं अमेरिकेला शिकवलं.

आता परवान्याकडे येऊ. पेनसिल्व्हेनियात आधी सुरक्षेचा वर्ग पूर्ण करावा लागतो. त्याशिवाय पहिला परवाना नाही. बारा वर्षांच्या मुलालाही परवाना मिळतो, मात्र सोबत मोठं माणूस हवं. (आपल्याकडे या वयाच्या मुलाला मी सहलीला नेतानाही दोनदा विचार करते.) राज्यातल्या रहिवाशाला साधा परवाना २१ डॉलरच्या आसपास पडतो. त्यावर एक शिंगवाला नर मारता येतो. बंदुकीच्या हंगामात अंगावर भगवा भडक जाकीट घालणं सक्तीचं आहे, कारण एका शिकाऱ्याला दुसरा हरणासारखा दिसू नये.

मादीसाठी वेगळा परवाना लागतो, आणि खरी मेख इथंच आहे. मी हे फळ्यावर मांडून पाहिलं. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. शंभर हरणांतले निम्मे नर मारले तरी पुढच्या वर्षी पिल्लं जवळपास तेवढीच होणार. चारा चांगला असेल तर एक मादी एका वेळी जुळी पिल्लं देते. म्हणून संख्या आवरायची असेल तर मादी मारावी लागते, नुसत्या नरांच्या शिकारीनं ती हटत नाही. राज्याचे वीसेक विभाग पाडले आहेत. प्रत्येक विभागातली झाडांची रोपं, हरणांची प्रकृती आणि लोकांची गाऱ्हाणी पाहून तिथं मादीचे किती परवाने द्यायचे ते ठरतं. अलीकडे राज्यात मिळून वर्षाला दहा लाखांहून अधिक असे परवाने ठेवले जातात. सगळे परवानाधारक यशस्वी होत नाहीत. नर-मादी मिळून चार लाखांच्या वर हरणं मारली जातात.

मारलेल्या हरणाच्या कानाला, जागेवरून हलवण्याआधी, टॅग बांधायचा आणि दहा दिवसांत मंडळाला कळवायचं. सगळेच कळवत नाहीत, हे मंडळाला ठाऊक आहे. म्हणून त्यांची माणसं हंगामात खाटकांच्या दुकानांत जाऊन हरणांचे दात तपासतात. दातांवरून वय कळतं. वय आणि नर-मादीचं प्रमाण यांवरून जंगलात किती उरली असतील याचा हिशेब मांडला जातो.

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. शंभर वर्षं "मादी मारू नका" असं ऐकत वाढलेल्या शिकाऱ्यांना "मादी मारा" हे पटेना. १९९९ पासून हरणांच्या कामाचे प्रमुख असलेले डॉ. गॅरी ऑल्ट गावोगावी सभा घेऊन हे समजावत फिरले. त्यांना धमक्या आल्या. काही सभांना ते बुलेटप्रूफ जाकीट घालून गेले. २००४ च्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली. शास्त्र सोपं, माणसं अवघड.

मला या पद्धतीत एक गोष्ट खटकते. मंडळाच्या तिजोरीत परवान्याचा पैसा येतो. शिवाय १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा वाटाही येतो. म्हणजे शिकाऱ्याला नाराज करून चालत नाही, आणि शिकाऱ्याला तर जंगलात भरपूर हरणं दिसायला हवी असतात. दुसरं म्हणजे, शिकारी कमी होत चालले आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात बारा लाखांहून अधिक परवाने होते, आता नऊ लाखांच्या आत आले आहेत. जुने शिकारी म्हातारे झाले, पोरं मोबाइलवर. उद्या हरणं कोण आवरणार?

मांस विकता येत नाही, पण वाया जाऊ देत नाहीत. १९९१ पासून तिथं एक संस्था शिकाऱ्यांकडून हरणं घेऊन गरिबांच्या अन्नकेंद्रांना मांस पुरवते. बहिणीच्या शेजाऱ्यांनीही प्रेमानं मांस आणलं होतं. तिनं अदबीनं नाकारलं. आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलमांच्या मते गोळीनं मेलेलं जनावर हलाल नाही. ते जिवंत हाती लागून जबह व्हायला हवं. काही उलमा बिस्मिल्लाह म्हणून झाडलेल्या गोळीला तीराचा हुकूम लावतात. तिथल्या मुस्लिम शिकाऱ्यांसाठी हा रोजच्या व्यवहाराचा सवाल आहे. मौजेसाठी मुक्या जिवावर नेम धरण्याला मनाई आहे, यावर मात्र दुमत नाही.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. तरी त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये, उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार वनअधिकाऱ्यांना आहे. रोही आणि रानडुक्कर त्यात बसतात. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे पिकासाठी त्याला हात लावता येत नाही. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात केंद्राच्या परवानगीनं दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा तत्कालीन मंत्री मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खटका उडाला होता. शेतकरी आणि प्राणिप्रेमी, दोघांचंही रडणं खरं होतं. फरक एवढाच, की पेनसिल्व्हेनियात आधी मोजणी होते आणि मग परवाना निघतो. आपल्याकडे पीक गेल्यावर पंचनामा होतो.

हे सगळं मी भाईजानना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "परवानगी मिळाली, अन् रोही मारला, तर गोश्त आपलं का?"

"नाही," मी म्हणाले. "मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. तसं कायद्यात लिहिलंय."

"म्हणजे पीकही गेलं अन् गोश्तही!" ते हसले, बॅटरीचे सेल बदलले आणि घोंगडी खांद्यावर टाकली. "दार लावून घे. फजरला येतो."