सर्पगंधेचे मूळ : दाब उतरतो, पण मनाचे काय?

आंबोली म्हटले की पाऊस, धबधबे आणि हिरण्यकेशीचा उगम डोळ्यांसमोर येतो. वनस्पतींच्या जाणकारांना मात्र सिंधुदुर्गाचा हा घाटमाथा औषधी झाडांसाठी आठवतो. कोकणातल्या आणि पश्चिम घाटातल्या ओलसर, सावलीच्या रानांत वाढणारे असेच एक झुडूप म्हणजे सर्पगंधा. उंची गुडघ्याएवढी, लालसर देठांवर पांढऱ्या फुलांचे घोस, पुढे काळसर फळे. दिसायला साधे, पण त्याच्या मुळाने जगाच्या वैद्यकशास्त्राला रक्तदाबावरचे एक औषध दिले आणि त्याबरोबर एक अवघड प्रश्नही. औषधाने शरीरातले सेरोटोनिन कमी केले, तर त्यातून मिळते काय आणि जाते काय?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. 'बीपी'ची गोळी नको, झाडपाला बरा, असे म्हणून मुळाचे चूर्ण घेणारी माणसे गावोगाव आहेत. काहीजण गोळीही घेतात आणि चूर्णही. दोन्हींचा हिशेब नीट समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

मुंबईतून जगाकडे

सर्पगंधेचा वापर भारतात जुना आहे. बिहारमध्ये तर तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि मानसिक आजारांवरील तिच्या उपयोगाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. तरी पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या एका डॉक्टरने. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि त्याचे निष्कर्ष १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेकांचा दाब उतरला होता. त्या काळी उच्च रक्तदाबावर डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. मिठावर कडक बंधन, विश्रांती किंवा मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच पर्याय होते. या कामासाठी डॉ. वकील यांना १९५७मध्ये अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दरम्यान १९५२मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातला मुख्य घटक वेगळा केला. त्याचे नाव रिसर्पिन. काही वर्षांतच तो रक्तदाबासाठी आणि मनोरुग्णालयांतही जगभर वापरला जाऊ लागला.

पेशीतली कोठारे

रिसर्पिन नेमके करते काय? मज्जापेशींच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन हे संदेशवाहक त्यांत साठवलेले असतात. संदेश पाठवायचा झाला की पिशवीतला साठा बाहेर पडतो. रिसर्पिन या पिशव्यांचे दारच अडवते. माल आत जाऊ शकत नाही, उघड्यावर पडतो आणि पेशीतली विकरे त्याची विल्हेवाट लावतात. कोठार रिकामे होत जाते. १९५५मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रिसर्पिन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा झपाट्याने घटतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे साठा पुन्हा भरायला वेळ लागतो. त्यामुळे औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस ते काही आठवडे रेंगाळू शकतो. दुसरी म्हणजे, सेरोटोनिन फक्त मेंदूत नसते. शरीरातले ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असते, रक्तातल्या बिंबाणूंमध्येही त्याचा साठा असतो. शिवाय रिसर्पिन एकट्या सेरोटोनिनला हात लावून थांबत नाही. रक्तदाब उतरतो तो प्रामुख्याने नॉरअ‍ॅड्रेनालिन घटल्यामुळे. बाकीचे दोघे त्याच्यासोबत ओढले जातात.

फायद्याचे पारडे

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. मग औषध कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे ठोस उत्तर ज्या अभ्यासाने दिले, त्यात रिसर्पिन होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष १९६७मध्ये आले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना रिसर्पिनसह तीन औषधे दिली, तर इतरांना औषध नसलेल्या गोळ्या. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला. औषध घेणाऱ्यांत ही संख्या फक्त दोन होती. दाब उतरवला की पक्षाघात आणि हृदय निकामी होण्याचा धोका कमी होतो, हे आज गृहीत धरले जाते. त्याचा पाया अशा अभ्यासांनी घातला.

जोखमीचे पारडे

याच डॉ. फ्राइस यांनी त्याआधी, १९५४मध्ये, एक इशारा दिला होता. मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ रिसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांमध्ये गंभीर नैराश्य दिसत होते. पुढे अशा नोंदी वाढल्या. सेरोटोनिनसारखे संदेशवाहक कमी झाले की मन खचते, या सिद्धान्ताला त्यांतूनच बळ मिळाले.

पण चित्र इतके सरळ नाही. १९५५मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड या डॉक्टरांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना रिसर्पिन देऊन पाहिले, तर त्यांना त्यात फायदा आढळला. रिसर्पिनमुळे हालचाली मंदावतात, झोप येते, माणूस सुस्तावतो. त्यातल्या काही रुग्णांना नैराश्यग्रस्त समजले गेले असावे, असेही नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले. २०२२मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्य हे सेरोटोनिन कमी झाल्यामुळेच होते, याचा सुसंगत पुरावा त्यांना आढळला नाही. (याचा अर्थ नैराश्यावरील औषधे निरुपयोगी आहेत, असा नाही. ती मनाने बंद करणे घातक ठरू शकते.)

मग धोका खोटा का? तसेही नाही. ज्यांना आधी नैराश्य आले आहे, त्यांच्यात रिसर्पिनमुळे ते उलटण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. त्यांना हे औषध देऊ नये, असेच वैद्यकीय शिस्त सांगते. बाकीचे त्रासही आहेत. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, जुलाब, जठरातील आम्ल वाढणे, झोपेत वाईट स्वप्ने. जठरव्रण, आतड्याचा व्रणयुक्त दाह किंवा कंपवात असलेल्यांनी, तसेच गर्भवती आणि स्तनदा मातांनी ते टाळावे.

निर्णायक ठरते ती मात्रा. पन्नासच्या दशकात दिवसाला अर्धा-एक मिलिग्रॅम आणि मनोरुग्णांना त्याहून कितीतरी अधिक रिसर्पिन दिले जाई. नंतर रक्तदाबासाठी ती ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आली आणि त्रासही कमी झाले. आज त्याहून सोयीची औषधे असल्याने रिसर्पिन मागे पडले आहे.

तरीही सेरोटोनिन घटवावे लागते तेव्हा

काही आजारांत मात्र डॉक्टर जाणूनबुजून हा मार्ग धरतात. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात हातपाय अनावर हलत राहतात. त्यावरचे टेट्राबेनाझिन रिसर्पिनप्रमाणेच पिशव्यांचे दार अडवते, पण त्याचा परिणाम लवकर ओसरतो. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांबाबतचा इशारा त्याच्यावर ठळकपणे असतो. कार्सिनॉइड नावाच्या गाठी प्रमाणाबाहेर सेरोटोनिन तयार करतात आणि रुग्ण जुलाबाने हैराण होतो. साठच्या दशकात त्यावर वापरून पाहिलेल्या फेनक्लोनिनने जुलाब कमी झाले, पण मनावर परिणाम दिसल्याने ते मागे पडले. २०१७मध्ये मान्यता मिळालेले टेलोट्रिस्टॅट मेंदूत फारसे शिरत नाही. आतड्यातले सेरोटोनिन कमी होते, मन शाबूत राहते. 'सेरोटोनिन कमी करावे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे, हे यातून दिसते. ते कुठले, किती, कशासाठी आणि कोणाचे, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

चमचाभर चूर्णाचा हिशेब

आता पुन्हा मुळाकडे. सर्पगंधेच्या वाळलेल्या मुळात रिसर्पिन साधारण ०.१ ते ०.२ टक्के असते. म्हणजे एक ग्रॅम चूर्णात सुमारे एक ते दोन मिलिग्रॅम. रक्तदाबासाठीची वरची मात्रा पाव मिलिग्रॅम आहे, हे आठवावे. मूळ कुठल्या जमिनीतले, किती वर्षांच्या झाडाचे, कधी खणलेले, यावर हे प्रमाण बदलते. एका पुडीत कमी, दुसरीत दुप्पट. शिवाय बाजारातल्या मुळात तिच्याच कुळातल्या दुसऱ्या जातींची भेसळ होते. 'झाडाचे आहे, त्रास काय होणार' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. कारण गोळीतले रिसर्पिन आणि मुळातले रिसर्पिन हे एकच रसायन आहे.

दुसरे नुकसान रानाचे. औषध मुळात आहे, त्यामुळे ते खणले की झाड संपते. बेसुमार खणतीमुळे सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराखाली निर्बंध आहेत.

काय करावे?

चूर्ण घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत घेतल्यास नाडी फार मंदावू शकते, नैराश्यावरील काही औषधांशी तर त्याचे अजिबात जुळत नाही. शस्त्रक्रिया किंवा भूल ठरली असेल, तर आधी सांगणे अत्यावश्यक आहे. वैद्यांकडून घेत असाल, तर ते पदवीधर आणि नोंदणीकृत असावेत आणि मात्रा त्यांनी मोजून द्यावी.

घरच्यांनीही लक्ष ठेवावे. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक मरणे, आवडत्या कामातून मन उडणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर 'वय झाले' किंवा 'पावसाने कंटाळा आला' म्हणून सोडून देऊ नये. आंबोलीसारख्या ठिकाणी आठवडे-आठवडे सूर्य दिसत नाही, तिथे असे म्हणणे सोपे असते. 'टेलिमानस'च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

रक्तदाब मोजायला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच मिनिटे लागतात, रोजची साधी गोळीही तिथेच मिळते. दाब वाढलेला असेल तर तो उतरवलाच पाहिजे. फक्त कशाने उतरवायचा, हे पुडीवर सोडू नये. मोजून ठरवावे.