सोंग, व्रत आणि हसू
हास्यविचार : लेखांक सहावा

अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात काठी हे गाव आहे. तिथली राजवाडी होळी रात्रभर ढोल घुमल्यावर पहाटे पेटते. तिची परंपरा थेट 1246 सालापासूनची सांगितली जाते. नाचणाऱ्यांत नजर खिळते ती बुध्या नावाच्या सोंगांवर. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, उघड्या अंगावर राखेची नक्षी, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. पावलागणिक भोपळे एकमेकांवर आपटून खडखडतात. लुगडे नेसलेले पुरुषही या मेळ्यात असतात.

भरताच्या नाट्यशास्त्राला हे सोंग अनोळखी वाटले नसते. विकृत वेष, विकृत अलंकार, विकृत आकार ही हास्याची कारणे त्याने सहाव्या अध्यायात नोंदवली आहेत. पुढे तो हास्याचे दोन भाग करतो : स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. हास्यरसाचा रंग त्याने पांढरा सांगितला आहे. राखेने रंगलेल्या बुध्याला तोही शोभतो, पण हा निव्वळ योगायोग.

गेल्या लेखांकात भेटलेला तत्त्वज्ञ हॉब्ज इथे फार उपयोगी नाही. दुसऱ्याच्या उणिवेत आपला मोठेपणा दिसला की माणूस हसतो, हे त्याचे म्हणणे. कॅमेरा घेऊन डोंगर चढलेल्या शहरी पाहुण्याच्या हसण्याला ते बरोबर लागू पडते. गावकऱ्यांच्या हसण्याला मात्र पडत नाही. नाचणारा त्यांच्याच घरातला असतो.

मग रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिन आठवतो. फ्रेंच कादंबरीकार राबलेवरचा त्याचा प्रबंध 1940 मध्ये लिहून झाला होता. पुस्तक निघायला 1965 उजाडले. मध्ययुगीन युरोपातल्या जत्रांत राजा-रंक, पवित्र-अपवित्र यांची उलथापालथ होई आणि हसणारा स्वतःलाही हसण्यातून वगळत नसे, असे त्याने दाखवले. राबलेच्या कादंबऱ्यांतले आडदांड हसू त्याला या जत्रांतच सापडले.

काठीला हा सिद्धान्त लावायला गेले की तो अर्ध्यावरच अडतो. होळीआधीचे दिवस बुध्या व्रतस्थ असतो. खाट वर्ज्य, ब्रह्मचर्य सक्तीचे. गावात सर्वांत विचित्र दिसणारा माणूसच सर्वांत कडक नियम पाळत असतो. शिवाय काठी हे पूर्वीचे मेवासी संस्थान. होळीचा मान आजही त्या जुन्या राजघराण्याकडे आहे. म्हणजे राजाची टर उडवणे सोडाच, राजाचा मान राखूनच हा सारा खेळ चालतो. उलथापालथ होते ती वेषाची, अधिकाराची नव्हे.

याउलट तमाशातला सोंगाड्या. वगातल्या राजाला तो बोलाबोलात उघडा पाडतो आणि वर मुजराही करतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या 1965 च्या लोकनाट्यात राजा आणि कोतवाल अशा हजरजबाबी चिमट्यांनीच हैराण होतात. हा उपहास आहे, कारण त्याला नेमके लक्ष्य आहे. बुध्याला लक्ष्य नाही. विनोदी दिसणे आणि उपहास करणे या दोन गोष्टी समीक्षेत फार सहज एकत्र बांधल्या जातात.

मराठी गद्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर या दोहोंच्या मधली वाट काढतात. ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये कर्मठपणा आणि खुळ्या रूढी हे लक्ष्य उघड आहे. पण त्यांचा सुदामा लांब उभा राहून शहाणपण शिकवत नाही. बंडूनाना आणि पांडुतात्या या साथीदारांना बरोबर घेऊन तो स्वतःच त्या खुळात सामील होतो आणि फजीत होतो. सुधारकाचे तोंड घेऊन हेच लिहिले असते, तर कोल्हटकरांचे लेख उपदेशाच्या कप्प्यात पडून राहिले असते. सुदाम्याने स्वतःची अब्रू पणाला लावल्यामुळे वाचक आधी त्याला हसतो. टोला आपल्याच घरच्या श्रावणीला किंवा लग्नाला बसला आहे, हे त्याच्या थोडे उशिरा लक्षात येते.

(पुढील लेखांक : ‘झेंडूची फुले’ आणि विडंबनाचा हिशेब)